रोग्याला त्याचे काम विचारा



मी डॉक्टर नाही. माझी शाळा लवकर सुटली आणि पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर झाले. तेव्हा मुद्दाम पसरविलेल्या रोगांविषयी मी बोलावे, याचे कोणास नवल वाटेल. पण असा रोग ओळखण्याचा पहिला धागा पुष्कळदा रोग्याच्या दिनक्रमातच सापडतो.

२६ नोव्हेंबर १९३३ रोजी हावडा स्टेशनवर पाकूरच्या जमीनदार घराण्यातील अमरेंद्र पांडे या तरुणाच्या दंडाला गर्दीत कोणीतरी काही टोचले. आठ दिवसांत तो गेला. रक्तात प्लेगचे जंतू निघाले. शहरात साथ नाही. मग प्लेग आला कोठून? शोध थेट मुंबईच्या आर्थर रोडवरील सांसर्गिक रोगांच्या रुग्णालयापर्यंत पोहोचला. सावत्र भाऊ आणि एक डॉक्टर यांना शिक्षा झाली.

ध्यानात घ्या, रोग अस्थानी दिसला हीच पहिली खूण. एकाच ठिकाणी काम करणारी धडधाकट माणसे एकदम आजारी पडणे, ही दुसरी. आसपासची जनावरेही मरू लागणे, ही तिसरी.

२००१ साली अमेरिकेत टपालातून अँथ्रॅक्सची पूड पाठविली गेली. २२ जण आजारी पडले, ५ दगावले. वॉशिंग्टनमध्ये १५ ऑक्टोबरला पाकीट उघडताच संसदेतील माणसांना औषध मिळू लागले. ती पत्रे जेथे निवडली गेली ते टपाल केंद्र मात्र २१ तारखेपर्यंत चालूच होते. तेथले दोन कामगार मेले. साधा फ्लू वाटावा असा ताप, अंगदुखी, थकवा. आणि मग एकाएकी श्वास कोंडतो. वेळेवर औषध मिळाले, तर माणूस वाचू शकतो.

अँथ्रॅक्स म्हणजे आपल्या शेतकऱ्यांच्या ओळखीची गुरांची फाशी. आपले कोल्हापूर चपलांचे, कातड्याचे गाव. कातडे हाताळणाऱ्याच्या हातावर न दुखणारा काळा व्रण दिसला, तर तो अंगावर काढू नका. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने हा रोग सरकारला कळविण्याच्या यादीत घातला होता, तो उगाच नव्हे.

घाबरू नका, शेजाऱ्यावर संशय घेऊ नका. फुप्फुसाचा अँथ्रॅक्स माणसाकडून माणसाला लागत नाही. पण दवाखान्यात गेलात, तर तापाबरोबर आपले कामही सांगा. सोबत्यांपैकी आणखी कोण आजारी आहे, तेही सांगा. आणि येथे डॉक्टरमंडळी बसली असतील, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे : नाडी पाहताना एवढे विचारा, ‘बाबा, तू काम काय करतोस?’