मुदतवाढ
(१९९५ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात, लकडगंज येथे केलेले भाषण)



आयोजकांनी मला ‘आयटी क्षेत्रातील संधी’ असा विषय दिला होता. तो आपल्या मुलांना आपल्यापेक्षा जास्त कळतो, म्हणून मी विषय बदलून मागितला. मला एका लष्करप्रमुखाबद्दल बोलायचं आहे, जे पुढे राजदूत झाले. इतिहासाच्या बाई समोर बसल्या आहेत. बाई, हसू नका. माझे इतिहासाचे मार्क इथे कोणाला आठवत नाहीत.

मे २०२४ मध्ये आपल्या नागपूरचे जनरल मनोज पांडे ३१ तारखेला निवृत्त होणार होते. ऐनवेळी सरकारने त्यांना एक महिन्याची मुदतवाढ दिली. आईने सकाळी सकाळी पुण्याला फोन करून मला ही बातमी सांगितली, जणू आमच्याच घरात कोणाला वाढ मिळाली. मी बातमी उघडली, तर खाली एक ओळ होती: लष्करप्रमुखाला अशी मुदतवाढ याआधी सत्तरच्या दशकात जनरल बेवूर यांना मिळाली होती. हे नाव मी पहिल्यांदाच वाचलं. मग वाचत गेले, आणि हा माणूस आपल्या शेजारचा निघाला.

गोपाळ गुरुनाथ बेवूर यांचा जन्म १९१६ चा, सिवनीचा. कामठी, मनसर, देवलापार, खवासा ओलांडून जबलपूर रोडने जी सिवनी लागते तीच. आपल्या पिढीला ती मोगलीमुळे माहीत. रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘जंगल बुक’ लागलं की अख्खं लकडगंज सामसूम व्हायचं, आरागिरण्यासुद्धा बंद आहेत असं वाटायचं. तेव्हा सिवनी मध्य प्रांतात होती आणि त्या प्रांताची राजधानी होती नागपूर. आडनावाचं बेवूर गाव बागलकोटकडचं, म्हणजे कर्नाटकातलं, तेव्हा हा माणूस पूर्ण आपलाच असा दावा मी करत नाही. जन्मापुरता हक्क सांगते.

वडील सर गुरुनाथ बेवूर आय.सी.एस. होते. पुढे ते देशाच्या टपाल आणि तार खात्याचे महासंचालक झाले. १९४४ मध्ये शिकागोला नागरी विमान वाहतुकीची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिच्यात हिंदुस्थानच्या शिष्टमंडळात ते होते. म्हणजे परदेशी माणसांसमोर बसून आपल्या देशाची बाजू मांडणं हे मुलाने घरातच पाहिलं असणार.

मुलगा मात्र डेहराडूनला सैनिकी शिक्षणाला गेला. १९३७ मध्ये कमिशन मिळालं आणि तो बलुच रेजिमेंटमध्ये रुजू झाला. फाळणीत ती रेजिमेंट पाकिस्तानात गेली, तेव्हा बेवूर डोग्रा रेजिमेंटमध्ये आले. ज्यांच्याबरोबर दहा वर्षं काढली तेच एका सकाळी पलीकडचं सैन्य झाले. या गोष्टीपाशी मी बराच वेळ थांबले होते. आपण साधी टीम बदलली तरी महिनाभर कुरकुरतो.

१९७१ च्या युद्धात ते दक्षिण कमांडचे प्रमुख होते, मुख्यालय पुणे. राजस्थान आणि कच्छची आघाडी त्यांच्याकडे. ‘बॉर्डर’ तर आपण सगळ्यांनी पाहिलाय, माझ्या शेजारच्या सीटवर कोण रडत होतं ते मी आज सांगणार नाही. त्यातली लोंगेवालाची चौकी याच कमांडखालची. छाछरोवर धाड घालणारे पॅरा कमांडोही त्यांच्याच हाताखालचे. पण त्या युद्धातून लोकांच्या लक्षात राहिले ते माणेकशॉ. बेवूरांचं नाव या सभागृहात आज किती जणांनी पहिल्यांदा ऐकलं? हात वर करा. पाहा.

आता मुदतवाढीकडे येते. माणेकशॉ १९७२ च्या जूनमध्ये निवृत्त व्हायचे होते, त्यांना सहा महिने वाढवून मिळाले. म्हणजे बेवूर स्वतः आधी ताटकळणाऱ्या बाजूला होते. १५ जानेवारी १९७३ ला ते लष्करप्रमुख झाले. १८ मे १९७४ ला पोखरणची चाचणी झाली, तेव्हाही प्रमुख तेच. आणि मग इंदिरा गांधींच्या सरकारने त्यांना एक वर्षाची वाढ दिली.

त्यांच्या मागे रांगेत होते लेफ्टनंट जनरल प्रेम भगत. दुसऱ्या महायुद्धातले पहिले भारतीय व्हिक्टोरिया क्रॉस. १९४१ मध्ये आफ्रिकेत चार दिवस जवळजवळ न झोपता रस्त्यावरचे सुरुंग काढत गेलेला हा माणूस. त्याच्या हाताखालची कंपनी बॉम्बे सॅपर्सची होती, म्हणजे आपल्या इंजिनिअर लोकांतलाच. बेवूरांना वाढ मिळाली आणि तोवर भगतांची निवृत्तीची वेळ आली. भगतांना त्या खुर्चीपासून लांब ठेवायलाच ही वाढ दिली, असं सैन्यातली बरीच मंडळी आजही मानतात. सरकारच्या मनात काय होतं ते सरकारला ठाऊक. परिणाम मात्र तोच झाला. भगत दामोदर व्हॅली कॉर्पोरेशनचे अध्यक्ष झाले आणि २३ मे १९७५ ला वारले. बेवूर निवृत्त झाले ३१ मे १९७५ ला. मध्ये फक्त आठ दिवस.

इंजिनिअर्समधला पहिला लष्करप्रमुख व्हायला त्यानंतर २०२२ साल उजाडलं. ते मनोज पांडे, तेही बॉम्बे सॅपर्सचेच. आणि मुदतवाढ मिळाली तीही त्यांनाच! ही गंमत बातमी देणाऱ्यांच्या लक्षात आली की नाही कोण जाणे.

हे सगळं मी इतकं खोदून का वाचलं, ते सांगते. २०१७ मध्ये पुण्यात एका कंपनीत मी एका मोठ्या प्रोजेक्टची प्रमुख होते. एप्रिलमध्ये ते काम माझ्या एका सहकाऱ्याकडे जायचं ठरलं होतं. माणूस माझ्यापेक्षा चांगला इंजिनिअर, हे मी तेव्हाही मानायची. हस्तांतराची यादी तयार होती, त्याने दोन महिने रोज माझ्याशेजारी बसून सगळं समजून घेतलं होतं. मार्चअखेर वरून निरोप आला की क्लायंटला तुम्हीच हव्यात, एक वर्ष थांबा. मी लगेच हो म्हटलं. घरी पेढे नेले. त्याचं काय, हे मी वरच्यांना विचारलं नाही आणि त्यालाही नाही. तीन महिन्यांत त्याने राजीनामा दिला. निरोपाच्या केकला मी मीटिंगचं कारण सांगून गेले नाही.

तेव्हा बेवूरांची गोष्ट वाचताना सगळ्यांना भगतांचं वाईट वाटतं, तसं मलाही वाटलं. पण मी त्या गोष्टीत भगत नव्हते. मी दुसऱ्या खुर्चीत होते.

निवृत्तीनंतर सरकारने बेवूरांना डेन्मार्कला राजदूत म्हणून पाठवलं. निवृत्त सेनापतींना परदेशी पाठवायची आपल्याकडे जुनी रीत. करिअप्पा ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला, थापर अफगाणिस्तानला, चौधरी कॅनडाला. बेवूरांनंतरचे रैना, तेही पुढे कॅनडालाच. लोकप्रिय सेनापती राजकारणापासून लांब राहिलेला बरा, हा त्यामागचा एक हिशोब, असं म्हणतात. पण काम खोटं नसायचं. बेवूर निवृत्त झाले आणि चार आठवड्यांत देशात आणीबाणी लागली. त्या काळात युरोपातल्या कुठल्याही भारतीय राजदूताला काय काय प्रश्न विचारले जात असतील, याची कल्पना करा. सदतीस-अडतीस वर्षं हुकूम घ्यायची आणि द्यायची सवय, आणि आता समोरचा आपला हुकूम मानणारा नाही. त्याचं ऐकून घ्यायचं, शब्द तोलायचा, संध्याकाळी दिल्लीला कळवायचं.

डेन्मार्क म्हणजे आपल्याला लांबचा देश वाटतो. पण तमिळनाडूतलं तरंगमबाडी १८४५ पर्यंत डेन्मार्कचं होतं, आणि आपल्या बॅचचे जे कोणी लार्सन अँड टुब्रोत आहेत, त्यांचे लार्सन आणि टुब्रो दोघेही डॅनिश. त्यातल्या हेनिंग होल्क-लार्सन यांना १९७६ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

सैनिकाला बोलणी जमत नाहीत हा समज मात्र काढून टाका. आपले कोल्हापूरकडचे जनरल थोरात १९५३ मध्ये कोरियात युद्धकैद्यांची राखण करणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख होते. कैद्यांनी आपला एक मेजर कुंपणाच्या आत पकडून ठेवला, तर हे नि:शस्त्र आत गेले आणि बोलून त्याला सोडवून आणलं.

माझंही पुढे तसंच झालं, अर्थात फार छोट्या मापाने. वाढीचं वर्ष संपल्यावर मला जर्मनीत क्लायंटकडे पाठवलं. कोड लिहिणं सुटलं, दिवसभर नुसतं ऐकायचं आणि समजावायचं. दोन वर्षांत मला तिथे एक कळलं: समोरच्याला विचारलेला साधा प्रश्न अर्धं काम करतो. आणि तोच मी आपल्या शेजारी बसणाऱ्याला विचारला नव्हता.

गेल्या महिन्यात, हे भाषण लिहायला घेतल्यावर, मी त्याला फोन केला. आठ वर्षांनी. आवाज ओळखायला त्याला क्षणभर लागलं. मी सगळं सांगितलं, पेढ्यांचंसुद्धा. तो म्हणाला, “अगं, तू वर्षभर थांबतेस का म्हणून मला विचारलं असतंस, तर मी हो म्हटलं असतं. मला त्या प्रोजेक्टमध्ये राहायचंच होतं.” मग त्याने आईची चौकशी केली, आणि नागपूरला आलो तर सावजी कुठे खायचं ते विचारलं.

पीटीचे सर घड्याळ दाखवतायत. सर, मला मुदतवाढ नको. बसते.