बंब येण्यापूर्वीची दहा मिनिटे
(अग्निशमन सेवा सप्ताहानिमित्त दिलेल्या भाषणाचा मजकूर)



14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजावर भीषण स्फोट झाले. त्या आगीशी झुंजताना मुंबई अग्निशमन दलाचे 66 जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ आपण हा सप्ताह पाळतो. या दिवसांत बंबांची संचलने होतात, शिड्यांची प्रात्यक्षिके होतात; ती अवश्य व्हावीत. मला मात्र आज बोलावयाचे आहे ते बंब येऊन पोहोचण्यापूर्वीच्या दहा मिनिटांविषयी. घरातील आगीचा निकाल बहुधा त्याच अवधीत लागतो.

या दहा मिनिटांत जागेवर हजर असणारा एकच पहारेकरी आहे, आणि तो म्हणजे छतातील स्प्रिंकलर. तुषार सिंचनामुळे हे नाव खेडोपाडी परिचयाचे झाले आहे. इमारतीतील स्प्रिंकलरचा स्वभाव मात्र निराळा. पाण्याने सदैव भरलेल्या नळाच्या तोंडाशी एक लहानशी काचेची कुपी बसविलेली असते. तिच्यातील द्रव उष्णतेने फुगतो आणि साधारणतः 68 अंश सेल्सिअसला कुपी फुटून पाणी मोकळे होते. विजेचे बटण नको, कोणी जागे असण्याचीही गरज नाही. धुराने किंवा फोडणीच्या वाफेने कुपी फुटत नाही. एका ठिकाणी आग लागली की साऱ्या इमारतीत पाऊस पडतो, हा चित्रपटांनी रूढ केलेला समज आहे. प्रत्यक्षात ज्या तोंडापाशी ताप पोहोचला तेवढेच उघडते.

ही विद्या नवीन नाही. अमेरिकेत हेन्री पार्मली यांनी 1874 मध्ये आपल्या पियानोच्या कारखान्यासाठी असे साधन तयार केले. पुढे ते कापडगिरण्यांत पसरले. मुंबईच्या जुन्या गिरण्यांच्या जिन्यांवर जे उंच मनोरे दिसत, त्यांतील कित्येकांच्या माथ्यावर याच कामासाठी पाण्याच्या टाक्या होत्या. विमा उतरविणाऱ्यांचा तसा आग्रह असे. कापसाच्या गासड्यांना जे संरक्षण शतकापूर्वी मिळाले, ते निजलेल्या माणसांना द्यावयाचे की नाही, यावर आपण अजून खर्चाचा हिशेब मांडत बसतो, हे मला विलक्षण वाटते.

लंडनमधील 24 मजली ग्रेनफेल टॉवरमध्ये 14 जून 2017 रोजी स्वयंपाकघरातील एका शीतकपाटापासून आग लागली आणि 72 माणसे दगावली. आग पसरली ती बाह्य आवरणामुळे, आणि भिंतीबाहेरची आग छतातील पाण्याने विझत नसते, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु जी ठिणगी एका स्वयंपाकघरात होती, तिला तेथेच गाठणारे त्या इमारतीत काही नव्हते. त्यानंतर इंग्लंडने 2020 मध्ये नव्या निवासी इमारतींसाठी स्प्रिंकलरच्या सक्तीची मर्यादा 30 मीटरवरून 11 मीटर उंचीवर आणली. वेल्सने तर 2016 पासूनच प्रत्येक नव्या घराला ती लागू केली होती.

आपल्याकडे राष्ट्रीय इमारत संहिता 15 मीटर व त्याहून उंच इमारतीस उत्तुंग मानते. नव्या बांधकामात सक्ती वाढविणे तुलनेने सोपे आहे. खरा प्रश्न जुन्या इमारतींचा. तेथे राहत्या घरांची छते फोडावी लागतील, टाकी वाढवावी लागेल आणि निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या रहिवाशाला वर्गणी द्यावी लागेल. त्यावर 'परवडत नाही' हे उत्तर प्रामाणिकही असू शकते. म्हणून माझे मत असे, की तेथे मुदत ठरवून द्यावी आणि आरंभ वाहनतळ, जिन्यालगतचे मार्ग व वीजमापकांच्या खोल्यांपासून करावा.

बसविलेली यंत्रणा चालू ठेवणे, हा याहून कठीण भाग. ताडदेव येथील 20 मजली इमारतीत 22 जानेवारी 2022 रोजी आग लागून रहिवासी मृत्युमुखी पडले, तेव्हा तेथील अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत नसल्याचे सांगण्यात आले होते. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार ही जबाबदारी मालकाची व भोगवटादाराची आहे. दर जानेवारीत व जुलैत परवानाधारक यंत्रणेकडून तसे प्रमाणपत्र घ्यावयाचे असते.

शहरालगतच्या ग्रामपंचायतींच्या हद्दीतही आता पाच-सात मजले चढले आहेत. तेथील सदस्यांनी इमारतीच्या सचिवाकडे ते प्रमाणपत्र मागावे; आणि कागद पाहून न थांबता पंपाजवळ जाऊन दाबमापकाचा काटा शून्यावर तर नाही ना, तेही पाहावे.