घरी राहिलेल्यांची वारी



 मी चौथी शिकलेला शेतकरी माणूस. कीर्तनं केली, भाषण कधी केलं नाही. चुकलं-माकलं पदरात घ्या.

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. स्मरणिकेत सगळ्या विणेकऱ्यांची नावं छापायची ठरली आहेत. त्यात माझ्या आज्याचं नाव आहे, वडलांचं आहे, माझंही येईल. माझ्या आईचं येणार नाही, कारण ती एकदाही वारीला आली नाही. म्हणून आज मला तिच्याविषयीच बोलायचं आहे.

माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरीत पोचते. शेतकऱ्याला विचारा, हे दिवस कसले? मृग, आर्द्रा! बाजरीची पेरणी आणि मागनं लगेच खुरपणी. आमचं माणदेशातलं रान कोरडवाहू. वापसा गाठला तर पीक, नाहीतर वर्ष वाया. आज्या आणि वडील वारीला निघायचे, आणि रानात भावकीतला कुणी औत धरला की चाड्यावर मूठ आईची असायची. पहाटे जात्यावर दळण, मग शेणघाण, धारा, भाकरी, आणि डोक्यावर पाटी घेऊन रान. पंढरीहून माणसं प्रसाद घेऊन परत यायची तवा बाजरी हातभर झालेली असायची. आम्ही म्हणायचो, पांडुरंगाची कृपा. कृपा होतीच, पण खुरपं आईच्या हातात होतं.

१९७२ चा दुष्काळ तुमच्यातल्या पांढऱ्या केसांच्या मंडळींना आठवत असेल. मी अकरा वर्षांचा. पेरलेलं उगवलंच नाही. माझी शाळा त्याच साली सुटली. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. तिथं सुकडी मिळायची. ती स्वतः खायची नाही, पदरात बांधून आम्हा पोरांना आणायची. तांबड्या मिलोची भाकरी थापताना तुटायची, ती पाण्याच्या हातानं जोडत बसायची. त्याही साली वडील वारीला गेले. लोक म्हणाले, काय नेम आहे! आज वाटतं, तो नेम निम्मा आईचा होता.

पुढं ती आजी झाली, तरी कंबर मोडून कामच. माझी मुलगी सातवी झाली तवा हायस्कूल लांब म्हणून मी शाळा बंद करायला निघालो होतो. आईला अक्षर येत नव्हतं. तिनं स्वतःची शेळी बाजारात नेली, विकली, आणि नातीला सायकल घेतली. मला म्हणाली, "तुझी शाळा दुष्काळानं बुडवली. हिची तू बुडवू नगंस." ती नात आज शिक्षिका आहे.

आता जे सांगतो ते सांगायला जीभ जड होते. एका साली दिंडी निघायच्या आधी आई जवळ आली आणि हळूच म्हणाली, "आरं, औंदा मी येऊ का रं दिंडीला?" मी म्हणालो, "आई, म्हशीचं कोण बघणार? पुढच्या साली जा." ती "बरं" म्हणाली आणि माझ्यासाठी दशम्या करायला बसली. माउली, त्याच वारीत मी कीर्तनात पुंडलिकाची कथा लावली होती. आईबापाच्या सेवेत गुंतलेल्या पुंडलिकानं देवाला वीट दिली आणि देव अजून तिच्यावर उभा आहे, असं सांगताना लोकांचे डोळे भरले. माझे नाही भरले.

पुढच्या साली तिचे गुडघे गेले. पंढरी राहिली ती राहिलीच. जाण्याआधी माझ्या मालकिणीला म्हणाली, "तू म्हातारी व्हायची वाट बघू नगंस."

तिच्या माघारी पहिल्या आषाढात मी वीणा दुसऱ्याच्या गळ्यात दिली, मालकिणीला दिंडीत धाडली आणि स्वतः घरी राहिलो. काय सांगू! म्हशीनं पहिल्याच दिवशी लाथ मारून चरवी पालथी केली. भाकरी थापली ती नकाशासारखी. (हशा) खुरपून पाठ धरली. एकादशीच्या रात्री गोठ्यात एकटाच बसून नाम घेतलं. जनाबाईच्या दळणाला देव आला, ही कथा मी शंभरदा सांगितली असेल. त्या रात्री ती मला थोडी कळली.

माझी दिंडीला एकच विनंती आहे. भिशीची पावती फाडताना येणाराचं नाव विचारता, तसं "घरी कोण राहणार?" हेही विचारा. दरसाल तीच बाई राहत असंल तर औंदा तिचं नाव लिहा, आणि तिच्या मालकाला म्हशीपाशी ठेवा. त्याचं पुण्य कमी होणार नाही, ही हमी मी घेतो.

आईचं नाव मी इथं सांगत नाही. तुमच्या घरीही अशी एक आई, एक आजी होती, नाहीतर अजून आहे. क्षणभर डोळे मिटा आणि तिचं नाव मनात घ्या. ती घरात असली, तर आज रात्री तिला विचारा, "आई, औंदा येतीस का?"

रामकृष्ण हरी!