पेगी अ‍ॅशक्रॉफ्ट यांची राणी मार्गारेट

युनियनच्या माणसाने नाटकावर काय बोलावे, असे काहींना वाटेल. पण नट हाही कष्टकरीच. आम्ही पेगीबाईंकडे त्याच नजरेने पाहतो.

१९३० साली लंडनला पॉल रोबसन या काळ्या नटाबरोबर त्यांनी डेस्डिमोना केली. शिव्यांची पत्रे आली. बाई डगमगल्या नाहीत.

पुढे पीटर हॉल यांनी स्ट्रॅटफर्डला नटांशी तीन-तीन वर्षांचे करार करून कायमचा संच उभारला. नामवंत असूनही बाई त्यात आल्या. १९६३ साली ‘सहावा हेन्री’ व ‘तिसरा रिचर्ड’ यांतून बेतलेल्या तीन नाटकांत, वयाच्या ५५ व्या वर्षी, त्यांनी राणी मार्गारेट उभी केली. आधी कोवळी तरुणी. मग यॉर्कला कागदी मुकुट चढवून, त्याच्याच पोराच्या रक्ताने भिजलेला रुमाल त्याच्यापुढे धरणारी. अखेर शाप देत हिंडणारी म्हातारी. एका बाईत सारी यादवी!

हे एका रात्रीत साधत नाही. उद्याच्या भाकरीची हमी असली, सोबती ओळखीचे असले, म्हणजे नट असले धाडस करतो. तेव्हा टाळ्या जरूर द्या. पण नाटक मंडळींच्या पगाराचीही चौकशी करीत जा.