पावसात पट्ट्यावर ब्रेक नको

सातपूर एमआयडीसीत सायकलने कामाला जाणाऱ्या आपण बऱ्याच जणी. पावसात रस्त्यावरचे रंगवलेले पट्टे फार निसरडे होतात. डांबराचा खरखरीतपणा रंगाखाली बुजतो, वर पाणी आलं की टायरला पकड राहत नाही. पहिल्या सरीत रस्त्यावर सांडलेलं तेलही वर येतं. म्हणून पट्ट्याआधीच वेग कमी करा. पट्ट्यावर ब्रेक दाबू नका, हँडल वळवू नका, सरळ पार व्हा. गटाराच्या लोखंडी झाकणांवरही हेच करा. हात मोडला तर मजुरी बुडते. गटाचा हप्ता मात्र थांबत नाही. रंगात बारीक कच मिसळली तर पकड राहते. तशी मागणी गटाच्या ठरावासह महापालिकेच्या सातपूर विभागीय कार्यालयात देऊ या. सह्यांना येत्या बैठकीला नक्की या.