मोहाच्या वाटेवरील अस्वल

(नरडाणा येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नरडाण्याच्या माणसाने अस्वलाविषयी ऐकावे तरी कशाला, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. येथे आगगाडी आहे, महामार्ग आहे, औद्योगिक वसाहत आहे; अस्वल मात्र नाही. परंतु तापी ओलांडून शिरपूरच्या पुढे गेले की सातपुड्याच्या रांगा सुरू होतात. आपल्यापैकी कित्येक शिक्षक व ग्रामसेवक तेथील पाड्यांवर सेवा करून आले आहेत, काही पुढे जाणार आहेत. म्हणून हा विषय निवडला.

वन्यप्राण्यांच्या नोंदीसाठी जंगलात स्वयंचलित कॅमेरे बांधतात. समोरून उष्ण शरीर हलले की कॅमेरा छायाचित्र टिपतो व त्यावर वेळ उमटवतो. २०१८ च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत असे कॅमेरे २६,८३८ ठिकाणी लावले होते. यावल अभयारण्याच्या बाजूच्या डोंगरात असेच कॅमेरे तपासण्याचे काम काही काळ माझ्याकडे होते.

चैत्रातील एका पहाटे मी व एक पावरा वाटाड्या नाल्याकाठच्या कॅमेऱ्याकडे निघालो. जंगलात आवाज करू नये, या समजुतीने आम्ही मुकाट्याने चाललो होतो. वारा समोरून येत होता. वळणावर वाटाड्याने माझा दंड घट्ट धरला. वीस पावलांवर मोहाखाली अस्वलाची मादी फुले वेचीत होती. पाठीवर दोन पिले. तिने मान वर केली, फुत्कार टाकला आणि ती दोन पायांवर उभी राहिली. पळावे असे मला फार वाटले. वाटाड्याने पळू दिले नाही. हलक्या आवाजात बोलत, तिच्याकडे पाठ न करता, आम्ही एकेक पाऊल मागे सरलो. ती नाल्यात उतरून गेली. तेव्हा कुठे माझ्या पायांतील कंप मला जाणवला.

अस्वलाचे नाक अतिशय तीक्ष्ण, पण दृष्टी व श्रवण बेताचे. वारुळातील वाळवी शोषून घेताना किंवा मोहफुले खाताना त्याला माणसाची चाहूल उशिरा लागते आणि दचकलेले अस्वल हल्ला करते. आमचा मूकपणा व समोरचा वारा, या दोहोंनी मिळून ती भेट घडवली होती. चूक आमची होती.

परंतु खरा धक्का पुढेच होता. कॅमेऱ्यातील चित्रे पाहिली, तेव्हा त्याच पहाटे, मादी येण्यापूर्वी अर्धा तास, टोपल्या घेतलेल्या चार स्त्रिया त्याच वाटेने गेलेल्या दिसल्या. आम्ही दोघे नोंदी करण्यासाठी गेलो होतो. त्या मात्र पोटासाठी रोज जात होत्या. माणसांची अशी चित्रे चारचौघांत दाखवू नयेत, म्हणून ती आम्ही दाखविली नाहीत. पाड्यावर जाऊन केवळ वेळ सांगितली. तेव्हापासून स्त्रिया उजाडल्यावर, गटाने आणि बोलत जाऊ लागल्या.

आपणांस करण्याजोगे काम एवढेच आहे. मोहफुले व तेंदूपानांच्या हंगामापूर्वी ग्रामसभेत व शाळेत हे सांगावे : एकट्याने जाऊ नये, काठी आपटीत व बोलत चालावे, अस्वल दिसल्यास पळू नये, झाडावर चढू नये, तेही चढते. अंगावर आलेच तर पालथे पडून मानेवर हात घट्ट धरावेत. जखमी माणसास तत्काळ रुग्णालयात न्यावे व वनविभागास लगेच कळवावे. १९२६ हा मदत क्रमांक त्यासाठीच आहे. नुकसानभरपाईसाठीही वेळेवर दिलेली वर्दी उपयोगी पडते. सूड म्हणून अस्वल मारणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये गंभीर गुन्हा आहे, हेही सांगावे.

शहाणपण त्या वाटाड्यापाशी होते, वेळेची नोंद कॅमेऱ्यापाशी होती. या दोहोंची गाठ गावात घालून देणे हे आपले काम आहे.