विद्यापीठाचे नवे दार

जून महिन्याचा पहिला पाऊस आणि महाविद्यालयाच्या खिडकीसमोरची रांग ही दोन्ही एकदमच यायची, असे एका अख्ख्या पिढीला आठवते. पिशवीत साक्षांकित प्रती आणि मनात धाकधूक घेऊन मुले एका महाविद्यालयातून दुसऱ्यात हिंडत. ज्याला दहा ठिकाणी अर्ज करणे परवडे, त्याला दहा संधी लाभत. ज्याला गाडीभाडेच जड, तो जवळच्या महाविद्यालयात समाधान मानी.

ही रांग आता संगणकाच्या पडद्यावर आली आहे. दिल्ली विद्यापीठाने २०२२ पासून पदवीचे नियमित प्रवेश सामायिक परीक्षेच्या गुणांवर आणि एकाच संकेतस्थळामार्फत देण्यास प्रारंभ केला. गडचिरोलीच्या मुलीने केवळ अर्जासाठी दिल्ली गाठण्याचे आता कारण उरलेले नाही. हा लाभ लहान नव्हे.

परंतु कागद गेला, त्याबरोबर कागदाचा समासही गेला. शंका आली तर समासात दोन ओळी लिहिता येत; खिडकीमागच्या कारकुनाला विचारता येई. संकेतस्थळ ज्याची कल्पना आधी करून ठेवलेली असते तेवढेच ओळखते. साधी नावाची गोष्ट घ्या. मराठी माणूस आपले नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव लिहितो. तमिळनाडूत अनेकांना आडनाव नसतेच, वडिलांच्या नावाचे आद्याक्षर तेवढे असते. आडनावाचा रकाना सक्तीचा केला की तो विद्यार्थी काहीतरी भरून मोकळा होतो, आणि पुढे गुणपत्रिकेशी नाव जुळत नाही.

याहून गंभीर प्रसंग २०२१ मध्ये घडला. एका दलित विद्यार्थ्याला मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत स्थापत्य अभियांत्रिकीची जागा मिळाली. शुल्क कमी पडले, तेव्हा बहिणीने पैसे दिले. पण संगणकावर ते भरण्याचे प्रयत्न पुनःपुन्हा फसले आणि मुदत टळली. तो अलाहाबादहून खरगपूरपर्यंत गेला. अखेर नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटनेच्या १४२व्या अनुच्छेदाच्या आधारे त्याला जागा देण्यास सांगितले. २०२४ मध्येही साडेसतरा हजार रुपये वेळेत न भरता आल्याने धनबादच्या संस्थेतील जागा गमावलेल्या एका मजुराच्या मुलाला त्याच न्यायालयाने न्याय दिला. हे दोघे न्यायालयापर्यंत पोहोचले. जे पोहोचत नाहीत, त्यांचे काय?

म्हणून असे संकेतस्थळ रचणाराने प्रथम शेवटच्या दिवसाचा विचार करावा. त्या दिवशी गर्दी उसळणारच. यंत्रणेची क्षमता सरासरीवर नव्हे, त्या गर्दीवर बेतावी. अर्धा भरलेला अर्ज वीज गेली तरी जसाच्या तसा राहावा. छायाचित्र का नाकारले, हे विद्यार्थ्याला त्याच्या भाषेत कळावे. घरात एकच भ्रमणध्वनी असतो, तो वडिलांबरोबर शेतावर जातो. आणि मुलगा तालुक्याच्या दुकानात अर्ज भरताना दुकानदाराचाच क्रमांक नोंदवितो. मग जागा मिळाल्याचा निरोप कोणाला जाणार? आणि मुदत संपण्यापूर्वी ज्याचा व्यवहार मध्येच अडकला, त्याची नोंद ठेवून त्याला दाद मागण्याची सोय त्याच ठिकाणी हवी.

पसंतिक्रमाचेही तसेच. गेल आणि शॅप्ले या दोन गणितज्ञांनी १९६२ मध्ये दाखवून दिले की, जागावाटपाची विशिष्ट रीत पाळली तर कोणत्याही विद्यार्थ्याने अशी तक्रार करण्यास जागा उरत नाही की, आपल्याहून मागच्याला आपली अधिक आवडती जागा मिळाली. त्या रीतीत विद्यार्थ्याने मनातला खरा क्रम लिहिणेच हिताचे ठरते. पण हे त्याला कोणी सांगितलेच नाही, तर तो भीतीने हाताशी येणारे महाविद्यालय वर लिहितो आणि हक्काची चांगली जागा आपल्याच हाताने सोडतो.

महाराष्ट्रात व्यावसायिक प्रवेशांसाठी सुविधा केंद्रे ठेवली आहेत, ती यामुळेच मोलाची. खिडकी गेली तरी खिडकीमागचा समजूतदार माणूस जाऊ नये. प्रवेशाचे दार किती वेगाने उघडते, यापेक्षा मुदतीच्या शेवटच्या तासाला घाबऱ्या मनाने ते ठोठावणाऱ्यास आतून उत्तर मिळते की नाही, यावरच त्याची परीक्षा व्हावयाची.